खुराड्याचा पंचनामा

सकाळी खुराड्याचं फळकूट बाजूला केलं, आत पिसं आणि रक्त दिसलं, दोन कोंबड्या कमी भरल्या, की वाडीचा निकाल चहा उकळायच्या आत लागतो. मुंगूस! पुरावा काय, तर परवा भर दुपारी ते गडग्यावरून पळताना कोणीतरी पाहिलं होतं. मग कोणी सापळा आणतं, कोणी फवारणीच्या औषधातला उरलासुरला भाग माशाच्या डोक्याला चोपडून कुंपणाशी ठेवतं. चार दिवसांनी एक मुंगूस, दोन कावळे आणि शेजारचं मांजर मरून पडतं. आठवड्याभरात आणखी एक कोंबडी जाते.

या खटल्यात पहिलीच गोष्ट चुकलेली असते. आपल्याकडचं करडं मुंगूस दिवसाचं जनावर आहे. उजाडल्यावर बाहेर पडतं, अंधार पडायच्या आत बिळात जातं. रात्री दहा ते पहाटे चार या वेळात खुराड्यात काही घडलं असेल, तर मुंगसाला जवळजवळ निर्दोष सोडायला हरकत नाही. रात्रीची मंडळी वेगळी आहेत: उदमांजर, जवादी मांजर, रानमांजर, कोल्हा, घूस, साप, बिबट्याच्या मुलखात बिबट्या, आणि सगळ्या मुलखांत कुत्रा. यातलं बहुतेक कोणी दिवसा दिसत नाही, म्हणून त्यांच्यावर संशय येत नाही. आपल्या न्यायाची रीत अशी की जो दिसतो तो चोर.

परसातल्या कोंबड्यांवर येणाऱ्या प्राण्यांचा विचार आपण उलट्या टोकाने करतो, असं माझं म्हणणं आहे. कोण आला हे शोधायचं ते त्याला मारण्यासाठी, असं आपण धरून चालतो. पण तो कोण हे कळल्याचा खरा उपयोग एवढाच, की तो कुठून आला ते कळतं. उदमांजर छपरातून येतं, घूस जमिनीखालून, मुंगूस दिवसा उघड्या दारातून, घार आभाळातून. प्राण्याचं नाव म्हणजे भोकाचा पत्ता. पत्ता मिळाल्यावर भोक सोडून प्राण्याच्या मागे लागणं हा वेळेचा आणि कोंबड्यांचा अपव्यय आहे.

पंचनामा करायचा तर वेळेपासून सुरुवात करावी. दिवसा पिल्लू नाहीसं झालं, खाली काहीच खूण नाही, आणि त्याआधी कोंबडीने एक लांबट, दबका ओरडा देऊन पिल्लांना पंखाखाली घेतलं होतं, तर वर पाहावं: घार, शिक्रा, नाहीतर कावळा. कोंबडीच्या ओरडण्यात फरक असतो हे परसात वावरणाऱ्या बायकांना कायमचं ठाऊक आहे. ख्रिस एव्हान्स, लिंडा एव्हान्स आणि पीटर मार्लर यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी ते शास्त्राच्या दप्तरात नोंदवलं. कोंबड्याचा आभाळातल्या शत्रूसाठीचा इशारा आणि जमिनीवरच्या शत्रूसाठीचा इशारा वेगळा असतो, आणि शत्रू न दाखवता नुसता आवाज ऐकवला तरी कोंबड्या त्या त्या संकटाला साजेसं वागतात. पहिल्या इशाऱ्याला आडोशाला पळतात, दुसऱ्याला माना उंचावून आजूबाजूला बघतात. म्हणजे निम्मा पंचनामा साक्षीदारांनी आधीच तोंडी दिलेला असतो.

रात्रीचं काम जास्त किचकट. पिल्लं एकेक करून कमी होतात, रक्त नाही, पीस नाही, जाळी शाबूत आहे: उंदीर, घूस किंवा साप. साप गिळून तिथेच अडकलेला सापडतो, कारण ज्या फटीतून तो रिकाम्या पोटी आला तिच्यातून भरल्या पोटी त्याला जाता येत नाही. उंदीर-घुशी पिल्लाला बिळाच्या तोंडाकडे ओढतात, आणि जिवंत राहिलेल्या पिल्लांच्या पायांना, मागच्या बाजूला कुरतडल्याच्या जखमा असतात. मोठी कोंबडी मानेपाशी चावून टाकलेली, डोकं किंवा मान खाल्लेली, बाकी धड जागेवर, असं दिसलं तर बहुधा उदमांजराच्या नाहीतर जवादीच्या जातीचं कोणीतरी. जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीला बाहेरूनच ओढून जेवढं जाळीतून निघालं तेवढं नेलेलं असतं, तेव्हा दोष त्या जनावरापेक्षा जाळीच्या भोकाच्या मापाचा. अख्खी कोंबडी नाहीशी, थोडी पिसं कुंपणापर्यंत सांडलेली, हे रानमांजर किंवा कोल्ह्याचं काम. क्वचित दोन पायांच्या प्राण्याचंही, आणि तो मात्र कडी पुन्हा लावून जातो.

अंड्यांचा तपास वेगळाच. साप अंडं अख्खं गिळतो, कवच मागे ठेवत नाही. कावळा टोचा मारून भोक पाडतो. घोरपड घरटं साफ करते. आणि फुटक्या कवचांच्या शेजारी कोंबडीच्याच चोचीला पिवळा बलक लागलेला दिसला, तर चोर घरातला आहे. तिला शिंपल्यांचा चुरा घाला. भारद्वाजावर कोणी अंडीचोरीचा आरोप केल्याचं मी ऐकलेलं नाही. दुसऱ्यांची अंडी-पिल्लं हे त्याचं नेहमीचं खाणं, पण त्याचं दर्शन शुभ. गंमत म्हणजे मुंगसाचं दर्शनही शुभच मानतात, फक्त कोंबड्या पाळणाऱ्याच्या परसात ते शुभ उरत नाही.

या सगळ्यात एक शक्यता विसरली जाते, ती म्हणजे कोंबडी आधीच मेलेली होती. मानमोडी, म्हणजे राणीखेत, एका फेऱ्यात वाडीच्या वाडी रिकामी करतो. आजाराने लुळी पडलेली किंवा रात्रीत मेलेली कोंबडी कोणी ओढून नेली तर नेणारा मारेकरी ठरतो आणि लसीचा विषय निघतच नाही. उरलेल्या कोंबड्या पेंगत असतील, माना वाकड्या करत असतील, हिरवट हगत असतील, तर सापळ्याऐवजी पशुवैद्यकीय दवाखान्याचा रस्ता धरावा.

आता कुत्र्याकडे येतो, कारण खरी गाठ तिथे आहे. एका रात्रीत आठ-दहा कोंबड्या मेलेल्या, अंगणभर विखुरलेल्या, फारसं काही खाल्लेलं नाही, जाळी ओरबाडून, वाकवून आत शिरलेलं. असं दिसलं की पहिला संशय कुत्र्यावर घ्यावा. आणि कुत्रा बहुतेक वेळा कोणाचा तरी असतो. भटका म्हटलं तरी त्याला रोज भाकरी टाकणारं एक घर असतं. आता त्या घरी जाऊन सांगणार कोण? ज्यांच्या विहिरीचं पाणी आपण भरतो, ज्यांच्याशी बांधाचा जुना वाद नुकताच मिटलाय, ज्यांची सून आपल्या मामाची मुलगी आहे, त्यांच्या दारात जाऊन कुत्र्याची तक्रार करण्यापेक्षा मुंगसावर आळ घालणं स्वस्त पडतं. मुंगसाला सोयरेधायरे नसतात. गावातलं गुन्ह्याचं शास्त्र असं नात्यांना धरून चालतं, आणि त्यात जंगलाची बाजू मांडणारा कोणीच नसतो.

न खाता इतक्या कोंबड्या मारल्या म्हणून त्या प्राण्याला आपण खुनशी ठरवतो. रानमांजर किंवा मुंगूस खुराड्यात सापडलं तरी हेच घडू शकतं, आणि मग रागाला धार येते. भुकेपुरतं नेलं असतं तर समजून घेतलं असतं, ही काय मस्ती? या प्रश्नाचं उत्तर हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञाने १९७२ साली एका निबंधात दिलं. इंग्लंडच्या किनाऱ्यावर काळोख्या रात्री कोल्ह्यांनी डझनांनी कुरव पक्षी मारून तसेच टाकले होते, सेरेंगेटीत तरसांनी हरणांच्या कळपाचं तेच केलं होतं. शिकारी जनावराच्या मनात शोधणं, पकडणं, मारणं आणि खाणं या वेगवेगळ्या प्रेरणा आहेत; पोट भरलं म्हणून पकडण्याची प्रेरणा थांबत नाही. रानात ती थांबवतं सावज. पहिलं मेलं की बाकीची उधळतात. ज्या रात्री सावज उधळत नाही त्या रात्री कत्तल होते.

आता आपलं खुराडं बघा. चार बाजू बंद, आत अंधारात जवळजवळ आंधळ्या होणाऱ्या वीस कोंबड्या, आणि बाहेर पडायची वाट तीच, जिच्यातून मारेकरी आत आलाय. उधळणं अशक्य, फडफडणं मात्र अखंड, आणि प्रत्येक फडफड आत शिरलेल्या जनावराला पुन्हा चेतवते. कत्तलीची सगळी तयारी आपण केलेली आहे. म्हणून कच्चं खुराडं हे खुराडं नसण्यापेक्षा वाईट, असं मी म्हणेन. झाडावर झोपणाऱ्या देशी कोंबड्यांतली एक जाते. सडक्या फळीच्या खुराड्यातल्या सगळ्या जातात.

चोर येतो कशासाठी, हाही प्रश्न विचारावा. पुष्कळदा तो कोंबडीसाठी आलेलाच नसतो. संध्याकाळी टाकलेली कणी, भाताचा तूस, शिळा भात रात्रभर खुराड्यापाशी पडून राहतो; त्यावर उंदीर येतात; उंदरांवर धामण येते, नाग येतो, दिवसा मुंगूस फेरी मारून जातं; आणि एकदा तो रस्ता पायाखालचा झाला की पिल्लं दिसतात. या साखळीतली पहिली कडी कणीच्या ताटलीत आहे. ती ताटली रात्री उचलून ठेवणं हा सापांवरचा आणि मुंगसावरचा मला माहीत असलेला सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि तो सुचवला की ऐकणाऱ्याची निराशा होते. त्याला बंदोबस्त हवा असतो, आणि ताटली उचलण्यात बंदोबस्ताचा दरारा नाही.

निसर्गप्रेमी मंडळी इथे मुंगसाची बाजू घेऊन म्हणतात, ते उंदीर खातं, ते शेतकऱ्याचा मित्र आहे. हे अर्धं खरं आहे आणि अर्धं सत्य कोंबडीवाल्या बाईला सांगणं हा तिचा अपमान आहे. १८७२ साली डब्ल्यू. बी. एस्प्यूट नावाच्या ऊसमळेवाल्याने उसातल्या उंदरांवर उतारा म्हणून कलकत्त्याहून नऊ मुंगसं जमैकात नेली. ती आपल्या करड्या मुंगसाची धाकटी भावंडं, लहान भारतीय मुंगूस. त्यांनी उंदीर खाल्ले हे खरं. मग त्यांनी जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरडे आणि मळेवाल्यांच्या कोंबड्याही खाल्ल्या. १८८३ साली जमैकातूनच ती हवाईत नेली गेली आणि तिथेही तेच घडलं. मुंगूस मित्र नाही आणि शत्रूही नाही. समोर उंदीर आला तर उंदीर, पिल्लू आलं तर पिल्लू. समोर काय येऊ द्यायचं ते आपल्या हातात आहे.

मारून किंवा पकडून नेऊन सोडल्याने काय होतं याचा महाराष्ट्राला फार महागात पडलेला अनुभव आहे, मोठ्या जनावराच्या बाबतीतला. जुन्नर भागात १९९३ ते २००१ या काळात बिबट्यांचे माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते. २००१ पासून बिबटे मोठ्या संख्येने पकडून जंगलात नेऊन सोडायला सुरुवात झाली. पुढच्या काळात ही सरासरी १७ वर गेली. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली हे आकडे मांडले. अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर बिथरतं, आणि त्याची मूळ जागा रिकामी राहत नाही. मुंगूस आणि उदमांजर बिबट्या नव्हेत, आकड्यांची बरोबरी करायची नाही. पण रिकाम्या जागेचा नियम त्यांनाही लागू आहे. जोवर उघडी फट आहे आणि आत मांस आहे, तोवर गेलेल्याच्या जागी दुसरं येतंच. आणि नवीन आलेलं तरणं, हावरं असण्याची शक्यता जास्त.

राखणीला कुत्रा ठेवावा, हा सल्ला तर सर्रास दिला जातो. चांगला शिकवलेला कुत्रा कामाला येतो, वाद नाही. पण अकोले तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास झाला तेव्हा त्यांच्या खाण्यातला वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. तिथे खुराड्यापाशी साखळीने बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला पाठवलेलं आवतण.

विषाबद्दल फार बोलायची गरज नसावी, तरी बोलावं लागतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची जी व्याख्या केली तिच्यात फासे लावणं, सापळ्यात धरणं आणि विष घालणं हे सगळं येतं. घोरपड, रानमांजर, मुंगूस, सगळ्यांना त्या कायद्याचं संरक्षण आहे. ते सोडा, कायदा परसापर्यंत कितपत पोचतो हे सगळ्यांना माहीत आहे. विषाचा खरा दोष हा की ते पंचनामा न करता शिक्षा देतं. ज्याने खाल्लं त्याला, त्या मढ्यावर आलेल्या कावळ्याला, घारीला, आणि परसात रांगणाऱ्या मुलाला.

आता पैशाचं बोलू. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात ८५ कोटींहून अधिक कुक्कुट पक्षी मोजले गेले, त्यांतले सुमारे ३१ कोटी ७० लाख परसातले, आणि आधीच्या गणनेपेक्षा परसातली संख्या जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढली. एवढी वाढ आपोआप होत नाही. योजना आहेत, महिला बचत गट आहेत, वनराज, गिरिराज, ग्रामप्रिया यांसारख्या सुधारित जाती आहेत. या जाती बनवणाऱ्यांनी शिकाऱ्यांचा विचार केलाच नाही असं म्हणता येणार नाही. वनराजाची पिसं रंगीत आणि पाय लांब ठेवले गेले ते लपायला आणि पळायला. पण सुधारणेच्या वाटेवर एक गोष्ट गळाली: या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत. अंडी जास्त, कारण बसण्यात दिवस जात नाहीत. पिल्लं उबवणी केंद्रातून पेटीत येतात, बिनआईची. घार दिसल्यावर दबका ओरडा देणारी, पंख फुगवून कावळ्यावर धावून जाणारी, संध्याकाळी सगळ्यांना गोळा करून आत नेणारी आई त्यांना नसते. म्हणून पहिले सहा आठवडे त्यांना बंद जागेत जपून मगच परसात सोडावं असं या जातींच्या माहितीपत्रकांत छापलेलं असतं. तेवढी बंद, सुरक्षित जागा घेणाऱ्या घरात आहे का, हे कितीजण विचारतात? पिल्लं वाटतानाचा फोटो निघतो. खुराड्याचा कोणी काढत नाही.

काही योजनांत रात्रीच्या निवाऱ्यापोटी थोडी रक्कम धरलेली असते. ती घरातल्या दुसऱ्या कोणत्याही रकमेच्या वाटेने जाते. कारण घराच्या जमाखर्चात कोंबडी ही बाईची, आणि बाईचं ते किरकोळ. गोठ्याला कडी असते, खुराड्याला दगड. म्हैस चोरीला गेली तर पुरुष चौकीवर जातात. कोंबडी गेली तर बाईला ऐकावं लागतं की दार नीट लावलं नसशील. त्या कोंबडीवर एसटीचं भाडं, पोरीची वही, दवाखान्याची चिठ्ठी निघते हे माहीत असूनही. बिबट्याने शेळी मारली तर वनखात्याची नुकसानभरपाई मागता येते. उदमांजराने नेलेल्या कोंबडीचा पंचनामा करायला कोणी येत नाही. कोकणात राखणदाराला वर्षाचा कोंबडा चुकत नाही. त्या कोंबड्याच्या भावंडांच्या राखणीला मात्र फळकूटच.

पक्कं खुराडं काही महाल नाही. जमिनीपासून हात-दीड हात उंच, चार खांबांवर, खांबांना गुळगुळीत पत्र्याचा पट्टा. बाजारात कोंबडीजाळी म्हणून मिळणारी षटकोनी भोकांची जाळी कोंबडी आत ठेवण्यासाठी असते, बाकीच्यांना बाहेर ठेवण्यासाठी नाही. ती कुत्रा फाडतो, घूस कुरतडते आणि पिल्लावरचा साप तिच्यातून सहज जातो. अर्धा इंच भोकाची वेल्डिंगची जाळी लागते. महाग असते, म्हणून सगळीकडे नको, तळाला आणि खालच्या दोन फुटांना लावली तरी पुष्कळ. खुराडं जमिनीवरच असेल तर हीच जाळी बाहेरच्या बाजूला फूटभर जमिनीवर पसरून वर माती-दगड. उकरणारं जनावर भिंतीशी येऊन उकरतं, त्याला मागे सरकून उकरायचं सुचत नाही. छपराच्या कौलाखालची फट बुजवावी, उदमांजराला मुठीएवढी जागा पुरते. आणि कडी. लाकडी अडसर नको, कडी. नायलॉनची मासेमारीची जुनी जाळी गुंडाळायची सवय किनारपट्टीला आहे. तिच्यात धामणी अडकून तडफडून मरतात आणि उंदीर मोकळे होतात.

दिवसाचा प्रश्न मात्र असा सुटत नाही, आणि इथे उपाय एकमेकांना छेद देतात. मुंगूस आणि रानमांजर झुडपांच्या आडोशाने येतात, म्हणून परस साफ करा, झाडोरा काढा असं सांगतात. काढला की पिल्लं घारीला उघडी पडतात. झाडोरा ठेवला तर घार चुकते, मुंगूस चुकत नाही. यावर जुन्या परसांत एक तोड होती, तिच्याकडे कोणी कुक्कुटपालन म्हणून पाहिलं नाही: दोडक्या-पडवळाचा मांडव. वरून झाकलेलं, खालून मोकळं. घारीला झेप घेता येत नाही, आणि जमिनीलगत येणारं जनावर कोंबडीला लांबून दिसतं. वेलाचा हंगाम संपला की नारळाच्या झावळ्या टाकाव्यात. पिल्लं दीड-दोन महिन्यांची होईपर्यंत त्या मांडवाबाहेर सोडू नयेत, आणि भर दुपारी तर डालग्याखालीच असावीत.

एवढं करूनही घार एखादं पिल्लू नेते. मोकळं फिरून किडे-मुंग्या-गवत खाणारी कोंबडी विकत घेणाऱ्याला गावठी म्हणून महाग विकली जाते. तो जादा भाव त्या मोकळेपणाचा आहे आणि नेलेलं पिल्लू त्याचा खर्च आहे. बंद शेडमध्ये घार येत नाही, पण तिथल्या अंड्याला गावठीचा भाव मिळत नाही. पेंडीचा खर्च जसा धरतो तसा घारीचा वाटा हिशेबात धरावा, दहा पिल्लांमागे एखाददुसरं. रात्रीच्या फटीतून जाणाऱ्या कोंबड्या मात्र या खात्यात टाकू नयेत. त्या दुरुस्तीच्या खात्यातल्या आहेत.

शेवटी कामाचा प्रश्न उरतो, तो जाळीने सुटत नाही. खुराडं बंद करायची वेळ दिवेलागणीची. त्याच वेळी चुलीवर भाकरी असते, गुरं परतलेली असतात, पोराचा अभ्यास असतो. कोंबड्या आत जायच्या आधी दार लावता येत नाही, आणि अंधार पडल्यावर लावलं तर उशीर झालेला असतो. ती पंधरा-वीस मिनिटं रोज, वर्षभर, एकाच बाईने सांभाळायची, आणि एक दिवस चुकली तर दोष तिचाच. कोंबड्या मोजून दार लावण्याचं काम घरातल्या पुरुषाने किंवा मोठ्या मुलाने अंगावर घ्यावं, असं कुक्कुटपालनाच्या प्रशिक्षणात सांगितलेलं मला तरी आठवत नाही. त्या प्रशिक्षणाला पुरुषांना बोलावतच नाहीत. बोलवावं, आणि पहिल्या तासाला लस, दुसऱ्या तासाला कडी शिकवावी.